दाताचा रंग

"तोंडाकडे काय बघता शेठ, हाताकडे बघा."

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्याच्या दारात तो पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हाचं हे त्याचं पहिलं वाक्य. उजव्या हाताचा पंजा तोंडावर आडवा, आणि त्या पंजाआडून आवाज येत होता, विंगेतून प्रॉम्प्टर बोलावा तसा. मी कारखान्याचा मालक असलो तरी आमच्या आळीच्या नाटकांत पाटील, दिवाण आणि एकदा नाइलाजाने नायिकेची आई अशी कामं केलेला माणूस आहे. कोण कसा प्रवेश घेतो ते मला बरोबर कळतं. हा गृहस्थ प्रवेश घेतानाच बाहेर पडायच्या तयारीने आला होता.

मी त्याच्यापुढे रंगवलेली पण डोळे न उघडलेली मूर्ती ठेवली. त्याने तोंडावरचा हात काढला, ओठ घट्ट मिटले, श्वास धरला आणि बारीक ब्रशने दोन डोळे आखले. मूर्ती माझ्याकडे अशी काही बघायला लागली की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"उद्यापासून ये," मी म्हटलं.

"आजच बसतो," पुन्हा पंजाआडून.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. फोटोच्या वेळी ओठ दाबून धरणारा, पंगतीत सगळे खिदळत असताना रुमालात खोकणारा. आपण म्हणतो, लाजाळू आहे बिचारा. त्याच्या दातांकडे आपलं लक्ष फार उशिरा जातं. आणि एकदा गेलं की परत काढून घेता येत नाही.

त्याचे दात पिवळे होते. चहाबाजाचे असतात तसे नव्हेत. मुळाशी तपकिरी, पोटाला हळदी, कडेला धुरकट, असे तीन रंग त्या दातांत एकात एक उतरले होते. आमच्या कारखान्यातल्या कुणालाही ते मिश्रण जमलं नसतं.

आता गंमत पाहा. हा माणूस कारखान्यातला सगळ्यात विनोदी माणूस होता. मूर्तींना हिरे चिकटवणाऱ्या बायका त्याच्या आसपास बसायला भांडायच्या. तो काहीतरी बोलायचा, बायका हसायच्या, मग त्याला स्वतःलाच हसू यायचं आणि हात धावत तोंडावर जायचा. ब्रशसकट. त्यामुळे त्याच्या मिशीला कायम रंग लागलेला. अंगाचा रंग चालू असेल तेव्हा मिशी गुलाबी, पीतांबराच्या दिवसांत पिवळी, मुकुटाचं काम आलं की सोनेरी. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, "शेठ, आमची मूर्ती कुठवर आली?" मी मान वळवून त्याची मिशी बघायचो आणि सांगायचो, "पीतांबर झाला, आता दागिने."

त्या दातांची हकीकत त्याने एकदाच सांगितली, तीही मूर्तीकडे बघत. वडखळच्या पुढे खाडीकाठी त्याचं गाव. आई मिठागरावर कामाला. लहानपणी त्याची दाढ दुखायची तेव्हा ती स्वतःच्या डबीतली मिश्री त्याच्या हिरडीला लावायची. दुखणं थांबायचं, पोर झोपायचं, आई कामावर जायची. दाढ बरी झाली, मिश्री राहिली. पुढे शाळेत एका मास्तरांनी स्वच्छतेचा धडा शिकवताना त्याला वर्गापुढे उभं केलं. म्हणाले, "तोंड उघड. दाखव सगळ्यांना. हे असे दात कशाने होतात, सांग बघू."

"मंग काय सांगितलंस?" एका बाईने विचारलं.

"काय सांगणार गो? आयचं नाव घेऊ?"

तो तसाच उभा राहिला. तोंड उघडं ठेवून. मास्तर बस म्हणाले तेव्हा बसला, आणि बसताना त्याचा हात तोंडावर गेला. तो तिथून पुढे कधी खाली आला नाही. मिश्री त्याने तरुणपणीच सोडली. रंगाने मात्र त्याला सोडलं नाही. लग्नाचं वय त्या हातामागेच निघून गेलं.

आणि हाच माणूस आमच्या मूर्तींचे दात रंगवायचा. काय पांढरे रंगवायचा! गणपतीच्या त्या अखंड सुळ्यावर तो पांढऱ्याचे हातावर हात द्यायचा, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा द्यायचा. शेवटी त्या सुळ्यात ट्यूबलाईट दिसायची.

मग एका श्रावणात रोह्याकडच्या खांब गावाहून एक बाई आपल्या भावाबरोबर मूर्ती न्यायला आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, लग्नाचं राहून गेलेलं. रोज खांबहून रोह्याला जाऊन शिवणाचा क्लास चालवायच्या. बाईंनी मूर्ती खालून वर निरखली, मग मूर्तीमागे बसलेल्या याला निरखलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "गणपतीला मुकुट आहे तो ठीक. तुम्ही कशाचे राजे?"

त्याला कळेना.

"मिशीला सोनं लागलंय," बाई म्हणाल्या.

तो हसला. हात तोंडावर गेला. मिशीवर सोन्याचा दुसरा थर बसला. बाई इतक्या हसल्या की भावाला मूर्ती खाली ठेवावी लागली.

पुढचं मी घडवून आणलं. नाटकात मला नेहमी लग्न जमवणाऱ्याची भूमिका हवी असायची. ती इथे मिळाली. भावाला फोन केला, भावाने बहिणीला विचारलं, बहीण म्हणाली, "माणूस हसरा आहे. घरी येऊ दे, बघू." ठरलं, शिमग्यानंतर खांबला जायचं. त्याचं जवळचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्याच्या बाजूने मीच.

हे ठरल्यापासून तो हसेनासा झाला. मिशी कोरी दिसायला लागली. बायकांनी मला विचारलं, "याला काय झालं?" मी त्याला बाजूला घेतलं.

"शेठ," तो म्हणाला, "समोरासमोर बसायचं तर हात किती वेळ ठेवणार? जेवताना काय करू? ती म्हणते हसरा माणूस. तिने अजून हसणं बघितलंय कुठं? हात बघितलाय."

म्हणून आम्ही दातांच्या डॉक्टरणीकडे गेलो. पेणला दवाखाने नाहीत असं नाही. पण पेणमध्ये गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं असतं. म्हणून रोहा. तिथे बाईंचा क्लास होता हे त्याला एसटी नागोठण्याला पोचल्यावर आठवलं, आणि उरलेला सगळा प्रवास त्याने डोक्यावरून टॉवेल घेऊन केला.

डॉक्टरीण तरुण होती, हसतमुख होती. तिने तोंड उघडायला सांगितलं. तो उघडेना. ती घाई न करता थांबून राहिली. शेवटी त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"अहो काका, एकही किडलेला नाही!" ती म्हणाली. "किती मजबूत दात आहेत तुमचे. रंग आहे नुसता."

त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या दातांना कुणी चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी.

एकदा जाऊन दात साफ करून घेतले. पुढच्या खेपेला हिरड्यांना झाकण लावून तिने दातांवर जेल लावलं, दिवा धरला, पुसलं, पुन्हा लावलं. मग आरसा दिला. चमत्कार झाला म्हणणार नाही, पण तपकिरी गेलं होतं, धुरकट गेलं होतं. दुधावरच्या सायीचा रंग आला होता. तो आरशात बघतच राहिला. त्या अवस्थेत डॉक्टरणीने जे सांगितलं ते सगळं मी ऐकलं. त्याने किती ऐकलं, देव जाणे.

"काका, दाताच्या वर एक कवच असतं. इनॅमल म्हणतात. मी ते खरवडलेलं नाही, त्याच्यात मुरलेला रंग फिका केलाय. पण आता काही दिवस ते कोरडं पडलेलं, नाजूक असणार. कळा येतील, खरखरीत लागेल. लाळेने हळूहळू पूर्ववत होतं. तोवर घासाघाशी नको, आंबट नको, चहा, हळद, कोकम नको. आजचा रंग थोडा खाली उतरेल, घाबरायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा. केस कापले तर वाढतात, नखं वाढतात. हे कवच झिजलं की परत येत नाही."

परतीच्या एसटीत तो कशालाही हसत होता. कंडक्टरला सुटे पैसे सापडेनात, हसला. कुणाची कोंबडी पिशवीतून ओरडली, हसला. प्रत्येक वेळी हात सवयीने वर उठायचा, हनुवटीपाशी पोचून थबकायचा, आणि काय करावं न कळून हनुवटी खाजवायचा. पेण येईपर्यंत हनुवटी लाल झाली होती.

इथवरची गोष्ट मी बैठकीत साभिनय सांगतो. टॉवेल, कोंबडी, हनुवटी, सगळं करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. पुढची मी बैठकीत सांगत नाही.

दोनतीन दिवसांनी तो म्हणाला, "शेठ, जीभ लावली की खरखरतंय."

"डॉक्टरणीने सांगितलं होतं ना?"

"आणि रंग उतरतोय."

"तेही सांगितलं होतं."

तो मान हलवत गेला. पण त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं, आणि ते आमच्या धंद्यातूनच शिरलं होतं. कच्च्या मूर्तीला पहिला पांढरा हात दिला की ती खरखरीत लागते. तशीच सोडली तर धूळ धरते, पिवळी पडते. म्हणून पाण्याचा पेपर घेऊन तळवा सुळकन घसरेपर्यंत ती घासायची. हे आम्ही पोरवयात शिकतो आणि मरेपर्यंत करतो. त्याला वाटलं, डॉक्टरणीने पांढरा हात तर दिला, पण पॉलिश मारायचं राहिलं. तरुण पोर आहे, तिला काय ठाऊक. आपण काय सांगायला जायचं. आपल्या हातचं काम आहे.

कारखान्याच्या मागे पाण्याची टाकी आहे. तिथे तो झिरो नंबरचा, वापरून मऊ झालेला पेपर भिजवून रोज दात घासायला लागला. हलक्या हाताने, मूर्तीच्या गालाला घासावं तसं. पहिल्या दिवशी दात गुळगुळीत लागले. त्याला आनंद झाला. मग आतून पिवळं डोकवायला लागलं.

मूर्ती जास्त घासली की कडा उघडी पडते आणि खालचं अंग दिसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण मूर्तीला आम्ही पुन्हा हात देतो. दाताला दुसरा हात देता येत नाही, म्हणून त्याने जास्त घासलं. जितकं घासलं तितकं पिवळं वर आलं. खांबला जायच्या सकाळपर्यंत तो घासत होता.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला दिसत होता तो पांढराशुभ्र शर्ट, कोरी मिशी आणि मिटलेले ओठ. म्हटलं, घाबरलाय.

खांबला भावाचं घर हायवेपासून थोडं आत. ओटीवर पंखा, पंख्याखाली आम्ही. बोलणी मीच केली. बाई स्वतः कोकमाचं सरबत घेऊन आल्या. चैत्राचं ऊन, त्यात बर्फ घातलेला. ग्लास त्याच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "आज खजिना रिकामा? मिशी कोरी?"

त्याला हसू आलं. ते लपवायला त्याने ग्लास तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

मी नाटकात अनेकदा मेलेलो आहे. तलवारीने, विषाने, एकदा पडदा अंगावर पडून. पण माणसाच्या चेहऱ्यावर अशी कळ मी पाहिली नव्हती. ग्लास सुटला. पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि घशातून लहान मुलासारखा आवाज.

भाऊ चांगला माणूस. तो धावत आला, त्याचे खांदे धरून म्हणाला, "काय झालं? काय लागलं? तोंड उघडा. दाखवा बघू, तोंड उघडा!"

त्याने भावाकडे पाहिलं. मग हात उचलला, तोंडावर ठेवला आणि चपला न घालता चालता झाला.

मला तो एसटीच्या थांब्यावर सापडला. तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय एकावर एक ठेवून बसला होता. मी त्याच्या चपला खाली ठेवल्या.

"शेठ, तिने बघितलं काय?"

"अरे, सगळ्यांनी बघितलं. तू रडत होतास."

"ते चालंल," तो म्हणाला. "दात बघितलं काय?"

मी त्याला तसाच रोह्याला डॉक्टरणीकडे नेला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कशाने घासलंत?"

"झिरो पेपर. पाण्याचा," तो म्हणाला. आपण किती काळजी घेतली ते तिला कळावं अशा बेताने.

कळ कमी व्हायला तिने औषध लावलं. पुढच्या दातांवर कॅप बसवता येतील म्हणाली. "काका, हे पिवळं दिसतंय ना, तो डाग नाही. दाताचं आतलं अंगच या रंगाचं असतं. सगळ्यांचंच. माझंसुद्धा." कॅपला त्याने नाही म्हटलं. म्हणाला, "आता परत हात नको."

खांबहून भावाचा फोन आला. बहीण विचारतेय, तब्येत कशी आहे, पुन्हा कधी येताय? मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने मान हलवली. मी म्हटलं, अरे, तिला खरं काय ते सांगू दे मला. बाई समजूतदार आहे.

"सांगू नका," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर सांगितलं असतं. मीच केलं. हातानेच."

ज्या हाताकडे बघा म्हणून तो सगळ्यांना सांगायचा, त्याच हाताकडे तो बघत होता.

गणपतीच्या आधी बाई मूर्ती न्यायला आल्या. भावाला टेम्पोपाशी ठेवून एकट्याच आत. त्या दिसताच हा पठ्ठ्या उठला आणि मंडळाच्या मोठ्या मूर्तीमागे जाऊन उभा राहिला. मूर्ती पुरुषभर उंच, पण खाली पाटाच्या मागून त्याचे पाय दिसत होते. नाटकात असं झालं असतं तर पिटातून शिट्ट्या आल्या असत्या. इथे हिरे चिकटवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या.

बाईंनी पाय पाहिले. मग त्या माझ्याशी बोलायला लागल्या, जरा मोठ्याने.

"दादा, आखणी करणारे कुठे आहेत?"

"आहेत... म्हणजे नाहीत."

"बरं. आले की सांगा, त्या दिवशी सरबत जास्त आंबट झालं होतं. माझीच चूक. आणि सांगा, त्यांनी शर्ट खराब केला त्याचं आम्हाला काही वाटलं नाही." पिशवी सावरत म्हणाल्या, "निघून गेले त्याचं वाटलं."

पाय हलले नाहीत. बाई वाट बघत राहिल्या. टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यांनी आपल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर रीतीप्रमाणे रुमाल टाकला आणि गेल्या.

तेव्हापासून मी एक बदल पाहिला. तो मूर्तींचे दात पांढरे रंगवेना. पांढऱ्यात पिवळ्याचा कण, त्यात तपकिरीचा त्याहून बारीक कण घालून करवंटीत एक रंग घोटायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "शेठ, दात मळका दिसतो." तो मागून म्हणायचा, "खरा दात असाच असतो. डॉक्टरणीला विचारा." एका घरून मूर्ती परत आली, तरी त्याने रंग बदलला नाही. मीही सांगितलं नाही.

बाई दरवर्षी यायच्या. हा दरवर्षी मूर्तीमागे. बाई मला सांगायच्या, तो मागून ऐकायचा. क्लासला मुली वाढल्या, भावाने घर वाढवलं, यंदा पाऊस फार. एके वर्षी बाई सुळ्याकडे बघत म्हणाल्या, "दादा, हा रंग मला आवडतो. जिवंत वाटतो." त्या वर्षी तो मूर्तीमागून बाहेर आला. हात तोंडावर होताच. आठदहा पावलं पुढे येऊन उभा राहिला, एवढंच. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मिशीकडे बोट केलं. सुळ्याचाच रंग होता. तो हातामागे हसला, खांदे हलले. बाईही हसल्या. हात काही खाली आला नाही. बाईंनी तसं सुचवलंही नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला. झोपेतच. मी त्याच्या गावी पोचलो तेव्हा त्याच्या चुलतभावांनी त्याला बाहेर आणून ठेवला होता, हात दोन्ही बाजूंना सरळ केलेले. मी त्याचा उजवा हात उचलून तोंडापाशी नेऊन पाहिला. राहिना. मग माझ्या खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या ओठांवरून घेतला.

आता आखणीला नवा कारागीर आहे. हात चांगला आहे, दात पांढरेफटक रंगवतो. गिऱ्हाइकं खूश. पण बाई आल्या की खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, "दादा, आमच्या मूर्तीचा दात तेवढा..." पुढचं बोलत नाहीत. मी नव्याला उठवतो, करवंटी घेतो. तो रंग मला अजून बरोबर साधलेला नाही. कधी पिवळा जास्त होतो, कधी तपकिरी.

परवा रंगवता रंगवता मला त्या एसटीतल्या कोंबडीची आठवण झाली आणि हसू आलं. ब्रश हातात होता. हात का वर गेला कोण जाणे.

बाईंनी माझ्या मिशीकडे पाहिलं. पदराचं टोक पुढे केलं, अर्ध्यावर थांबल्या, मागे घेतलं. मग उठल्या, पिशवीतून रुमाल काढला आणि त्यांच्या मूर्तीच्या चेहऱ्यावर हळूच टाकला. रंग अजून ओला होता.